सापळ्यातला राखाडी पतंग नीट बघा

कपाशी दीड महिन्याची झाली की गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावायचे, हे आता बहुतेकांना पाठ आहे. लावतातही. पण पिशवीत काय पडलंय ते बघायला सकाळी कोणी वाकत नाही. मीही पहिल्या वर्षी 'चिलटं दिसतात' म्हणून पिशवी झटकून मोकळा झालो होतो.

त्यातला एक पतंग तळहातावर घ्या. बासमतीच्या दाण्याएवढा, राखाडी-तपकिरी, पुढच्या पंखांवर काळपट डाग. काडीने पंख सरकवला की मागचा पंख दिसतो: करडा, टोकाला एकदम निमुळता, कडेला लांब केसांची झालर. तोंडापुढे वर वळलेले दोन बारीक आकडे. ही गेलेचिडी कुळाची ठेवण. बटाटा पोखरणारा पतंग, साठवणीच्या धान्यातला पतंग, टोमॅटोवरची टुटा (आपल्याकडे 2014 पासून) ही सगळी याचीच भावंडं. नुसत्या डोळ्यांनी ती चटकन वेगळी करता येत नाहीत, म्हणून पतंग कुठल्या पिकात सापडला हे महत्त्वाचं.

सापळ्यात ठेवायची वासाची वडी, म्हणजे ल्यूर, घेताना दुकानात नुसतं 'बोंडअळीचं ल्यूर द्या' म्हणू नका. हिरव्या बोंडअळीचा पतंग वेगळ्या कुळातला, अंगाने दांडगा. तिच्या ल्यूरवर गुलाबी येत नाही. 'गुलाबी' असं सांगून घ्या आणि पाकिटावरच्या मुदतीत बदला.

सापळ्यात फक्त नर येतात. त्यामुळे त्यांच्या भरवशावर कीड संपत नाही, ती आल्याचं कळतं. एका सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन दिवस, असं झालं की शेतात फिरून 20 हिरवी बोंडं फोडा. बाहेरून बोंड धडधाकट दिसेल, कारण अळी आत शिरल्यावर छिद्र बुजतं. दोन जिवंत अळ्या निघाल्या तर फवारणी करा. औषध कृषी विज्ञान केंद्राला विचारूनच घ्या. लहान अळी पांढुरकी असते, गुलाबी रंग नंतर चढतो. गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुलं, म्हणजे डोमकळ्या, दिसतील तिथे खुडून नष्ट करा. नुसत्या धुऱ्यावर टाकू नका.

आणि फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही तीच झाडं राखून पुन्हा कापूस, घेऊ नका. डिसेंबरअखेर शेत मोकळं करा. चुलीसाठी रचून ठेवलेल्या पऱ्हाटीतल्या किडक्या बोंडांमध्ये दोन सरक्या जोडून अळी निवांत झोपलेली असते.