शेगडी निवडताना: गॅस, कॉइल की इंडक्शन?

घरात रोज भाकरी होत असेल तर इंडक्शन जरूर घ्या, पण गॅस काढू नका. बाजरीची भाकरी शेवटी थेट जाळावर धरली की टम्म फुगते. इंडक्शनवर जाळच नाही. शिवाय इंडक्शनच्या आतली कॉइल तव्यापेक्षा लहान असते, त्यामुळे भाकरी मध्ये करपते आणि कडा कच्च्या राहतात. भरताचं वांगं, पापड हेही गॅसवरच. कुकर, चहा, वरण, आंघोळीचं पाणी मात्र इंडक्शनवर झटपट होतं आणि स्वयंपाकघर तापत नाही.

घेण्याआधी भांडी तपासा. फ्रीजवरचं चुंबक बुडाला लावा. घट्ट चिकटलं तरच भांडं चालेल. साधा ॲल्युमिनियमचा कुकर, पितळी पातेलं, मातीचं भांडं चालत नाही. बूड सपाट हवं. रिकामा तवा एकदम २००० वॉटवर ठेवला तर त्याचं बूड वाकतं आणि तो कायमचा डुगडुगतो. आधी ८०० वॉटवर दोन-तीन मिनिटं तापवा, मग वाढवा.

खरी अडचण वायरिंगची. २००० वॉटची शेगडी सुमारे ९ अँपिअर ओढते. ६ अँपिअरच्या सॉकेटवर ती लावली तर पिन तापते, सॉकेट काळा पडून वितळतो. १६ अँपिअरचा सॉकेट, नीट अर्थिंग आणि मुख्य बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची वायर हवी, किमान २.५ चौरस मिमी, ४ असेल तर उत्तम. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. जुन्या नाशकातल्या वाड्यांत तर आधी वायरमनला दाखवाच. महावितरणच्या बिलावरचा मंजूर भारही पाहा. गिझर आणि इंडक्शन एकदम चालले तर ४ किलोवॉट होतात.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरचं काम इंडक्शनवर साधारण १४० ते १४५ युनिटांत होतं. पण ही युनिटं तुमच्या नेहमीच्या वापरावर चढतात, म्हणून त्यांना बिलातला सर्वांत वरच्या स्लॅबचा दर लावा. महिन्याला ३०० युनिटांच्या आसपास असाल तर पुढचा महाग स्लॅब लागतो, म्हणून हे आधी मोजाच.

कॉइलच्या शेगडीवर, म्हणजे तार तापून लाल होते त्या विजेच्या शेगडीवर, कुठलंही भांडं चालतं, पण वीज जास्त जाते आणि बंद केल्यावरही ती बराच वेळ तापलेली राहते. लहान मुलं असतील तर नकोच.

एमएनजीएल या कंपनीचा पाइप गॅस घरात आला असेल तर जुन्या शेगडीचे जेट कंपनीच्या माणसाकडून बदलून घ्या. सिलिंडरच्या जेटचं भोक बारीक असतं, त्यावर पाइपच्या गॅसची आच मंद येते. जाळ पिवळा होऊन भांडी काळी पडली तर बर्नरची भोकं बुजलेली असतात. ती सुईने साफ करा. सिलिंडरची नारिंगी नळी दर ५ वर्षांनी बदला. थंडीत पहाटे संपत आलेल्या सिलिंडरचा दाब पडतो, पण म्हणून तो गरम पाण्यात ठेवू नका.