वजाबाकीतला हातचा काड्यांनी शिकवा

वहीत ४२ - १७ मांडलं की पोरं सरळ ७ मधून २ घालवून ३५ लिहून मोकळी होतात, तेव्हा वही बाजूला ठेवा आणि खराट्याच्या काड्यांचे सारखे तुकडे करा, टोकं बोचणार नाहीत एवढं बघा. दहा-दहाच्या जुड्या बांधून रबर लावायचं, म्हणजे ४२ म्हणजे ४ जुड्या आणि २ सुट्या. आता म्हणायचं, मला १७ दे. सुट्या दोनच असतात, पोरगं अडतं, इथे आपण गप्प बसायचं (हेच जमत नाही आपल्याला!). थोड्या वेळाने ते स्वतःच एका जुडीचं रबर काढतं, १२ सुट्या होतात, त्यातल्या ७ देतं, एक जुडी देतं, उरतात २ जुड्या नि ५ सुट्या. आमच्याकडे आता हातच्याला 'जुडी फोड' म्हणतात.