मणक्याच्या एमआरआयवरून ‘पाय येतील का’ हे सांगताना या चुका टाळा

मणक्याला मार लागलेल्या माणसाचे नातेवाईक पहिल्याच दिवशी विचारतात, “डॉक्टर, पाय येतील ना?” म्हणजे पायांत ताकद परत येईल ना? आणि घाईत असलेला रेसिडेंट एमआरआयची फिल्म उजेडात धरून उत्तर देऊन मोकळा होतो. त्या उत्तराचे परिणाम काही आठवड्यांनी आमच्या पुनर्वसन विभागात दिसतात. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघून आता राहवत नाही, म्हणून हे लिहितोय.

रिपोर्टमधली ‘कम्प्लीट इंज्युरी’ केसपेपरवर उतरवणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. इजा पूर्ण आहे की अपूर्ण, हे फिल्मवर ठरत नाही, तपासणीत ठरतं. गुदद्वाराभोवती कापसाचा स्पर्श कळतो का, टाचणी टोचलेली कळते का, आत बोटाचा दाब जाणवतो का, रुग्णाला बोट स्वतःहून आवळता येतं का? यांतलं एक जरी ‘हो’ असेल, तर तो रुग्ण एशिया स्केलवर (मणक्याच्या इजेची ‘ए’ ते ‘ई’ प्रतवारी; ‘ए’ म्हणजे पूर्ण इजा) ‘ए’ नाही. तपासायला पाच मिनिटं लागतात. तरीही ही तपासणी संकोचापोटी टाळली जाते किंवा ‘उद्या करू’ म्हणून राहून जाते.

कोकणातला एक आंबा उतरवणारा गडी झाडावरून पडला. मानेचा मणका सरकला होता. पहिल्या दिवशीच्या एमआरआयमध्ये कॉर्ड (मणक्यांच्या आतून जाणारा मज्जारज्जू) सुजलेली, आडव्या छेदात जवळजवळ सगळी पांढरी. रिपोर्टात लिहिलं होतं, ‘पूर्ण इजेची शक्यता’. तिथल्या रुग्णालयात त्यातला ‘शक्यता’ गळाला, केसपेपरवर ‘एशिया ए’ चढलं आणि पुढच्या प्रत्येक राउंडला तेच खाली उतरत गेलं. ऑपरेशन नीट झालं होतं. पण घरच्यांना सांगितलं गेलं की आता पायांत काही येणार नाही, घरी नेऊन सांभाळा.

दीड महिन्याने तो आमच्याकडे आला तेव्हा माकडहाडावर बेडसोर होता आणि दोन्ही घोटे खाली वळून आखडले होते. गुदद्वाराजवळ टाचणी लावली तर म्हणाला, “टोचतंय की.” डाव्या पायाचा अंगठा किंचित हलत होता. बायको म्हणाली, “ते तर आम्ही घरी नेल्यापास्नं बघतोय, पण डॉक्टर म्हणाले होते ना, काही होणार नाही.” वर्षभरात तो वॉकर धरून घरातल्या घरात चालायला लागला. त्याआधी घोट्यामागची आखडलेली शीर (टेंडन) लांबवायचं ऑपरेशन करावं लागलं. तो आखडलेला घोटा कॉर्डच्या इजेनं दिलेला नव्हता. कुणी घोटे हलवले नाहीत, स्प्लिंट लावला नाही, त्या आठवड्यांनी तो दिला.

माझी सवय सांगतो. रिपोर्टचं पाकीट मी नंतर उघडतो. आधी टाचणी आणि कापूस. मार बसल्यावर कॉर्ड काही काळ बधिर पडते, तो शॉक उतरायला वेळ लागतो, म्हणून 72 तासांनी पुन्हा तेच. खालच्या त्रिक भागात (गुदद्वाराभोवती) टाचणीचं टोक कळत असेल, तर चालण्याची आशा नुसता स्पर्श कळणाऱ्यापेक्षा जास्त असते, कारण वेदना नेणाऱ्या तंतूंजवळूनच हालचालीचे तंतू जातात. ज्यांना फिल्मशिवाय भाकीत अशक्य वाटतं, त्यांनी युरोपातल्या केंद्रांच्या माहितीवरून 2011 मध्ये मांडलेला चालण्याचा नियम बघावा. त्यात वय, मांडीच्या पुढच्या आणि पोटरीच्या स्नायूंची ताकद, आणि एल3 (गुडघ्याजवळच्या) व एस1 (टाचेजवळच्या) भागातला स्पर्श, एवढंच आहे. एमआरआय त्यात नाही.

फिल्मवरची तारीख न बघणं

कॉर्डमधली सूज पहिले काही दिवस, भिंतीत ओल चढावी तशी, वर-खाली पसरत जाते. सहा तासांनी काढलेल्या स्कॅनमधली इजेची लांबी आणि तिसऱ्या दिवशीची लांबी एकाच मापाने मोजता येत नाही. ‘इजा वाढली’ म्हणून घरच्यांना घाबरवण्याआधी दोन्ही फिल्मांवरचे तास मोजा. रक्तस्रावाचंही तसंच. ताजं रक्त पहिल्या काही तासांत टी2 वर (एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रावर) काळं दिसेलच असं नाही, त्यामुळे फार लवकर काढलेल्या स्कॅनवरून ‘रक्तस्राव नाही’ म्हणून निर्धास्त होऊ नका. सुजेच्या मधोमध काळा डाग स्पष्ट दिसला, तर मात्र तो गांभीर्याने घ्या. सुरुवातीच्या फिल्ममधली सर्वांत वाईट खूण तीच.

लांबच्या भाकितासाठी महिन्याभराने काढलेला एमआरआय अधिक बोलका असतो. सूज ओसरलेली असते, पोकळी दिसू लागते, आणि तिच्या पुढे-मागे शिल्लक राहिलेल्या ऊतींचे पूल मधल्या उभ्या छेदावर मिलिमीटरमध्ये मोजता येतात. झ्युरिकच्या गटाने यावर बरीच वर्षं काम केलंय: पूल जितका रुंद, तितकी पुढची सुधारणा चांगली. मधल्या काळात दर आठवड्याला स्कॅन काढायला लावून घरच्यांचा खिसा रिकामा करू नका. तेच पैसे हवेच्या गादीला आणि फिजिओथेरपीला लागतात.

फक्त उभा छेद बघणं

आडवे छेद बघायचा कंटाळा हा नवशिक्यांचा जुना रोग आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने 2015 मध्ये दिलेला ‘बेसिक’ नावाचा स्कोअर आडव्या छेदावरच आहे. 0 म्हणजे कॉर्ड स्वच्छ, 1 म्हणजे इजा कॉर्डच्या आतल्या करड्या भागापुरती, 2 म्हणजे बाहेरच्या पांढऱ्या भागात शिरलेली पण काही भाग शाबूत, 3 म्हणजे सगळा छेद व्यापलेला, 4 म्हणजे त्यात रक्तस्रावही. शिकायला एक दुपार पुरते. डोक्यालाही मार असलेला, दारू प्यायलेला किंवा व्हेंटिलेटरवरचा रुग्ण तपासणीला उत्तर देऊ शकत नाही, तेव्हा हाच आकडा हाताशी असतो.

बाकीच्या, थोडक्यात

एक्स-रे आणि सीटी स्वच्छ, म्हणून कॉर्ड स्वच्छ, असं नसतं. लहान मुलांत हे 1982 मध्येच पँग आणि विलबर्गर यांनी लिहून ठेवलंय. म्हातारी माणसं तोंडावर पडून हात लुळे घेऊन येतात, हाड कुठेच मोडलेलं नसतं. त्यांचे पाय हातांपेक्षा बरे असतात आणि बरेच जण पुढे चालतातही.

मणक्याचा नंबर आणि कॉर्डचा नंबर एक धरू नका. कॉर्ड साधारण पहिल्या-दुसऱ्या कमरेच्या मणक्याजवळ संपते. त्याखाली असतात त्या मज्जातंतूंच्या मुळ्या आणि त्यांचा हिशोब वेगळा.

स्क्रू-रॉड बसवल्यावर एमआरआय काढायचा असेल, तर धातूची नोंद फॉर्मवर करा आणि तंत्रज्ञाशी स्वतः बोला. शक्यतो 1.5 टेस्लाचं मशीन आणि चरबी दाबायला स्टिर सिक्वेन्स मागा. नाहीतर नेमकी हवी ती जागा धातूच्या सावलीत जाते.

डीटीआयचे (तंतूंची दिशा दाखवणाऱ्या एमआरआयचे) रंगीत नकाशे सुंदर दिसतात, पण एका रुग्णाचं भवितव्य त्यावर ठरवण्याइतकी त्यांची मोजमापं अजून मशीन-मशीनमध्ये जुळत नाहीत.

आणि व्हॉट्सअॅपवर फिल्मचा एक फोटो पाठवून “सर, प्रोग्नोसिस?” असं विचारू नका. सगळे छेद असलेली सीडी पाठवा, सोबत अपघाताची आणि स्कॅनची वेळ, आणि गुदद्वाराची तपासणी कुणी, कधी केली ते लिहा.