मायाच्या घरट्यासमोर एक हंगाम : नवख्या निरीक्षकांसाठी

उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात मी ऑस्प्रे हा मासे पकडून खाणारा शिकारी पक्षी अनेकदा पाहिला होता. वाळक्या खोडावर पायाखाली मासा दाबून बसलेला एकटा पक्षी, एवढीच माझी त्याच्याशी ओळख होती, कारण महाराष्ट्रात तो हिवाळी पाहुणा म्हणून येतो आणि वीण दूर उत्तरेकडे करतो. त्याचे घरटे, अंडी आणि पिल्ले मला प्रथम दिसली ती शिक्षणासाठी इंग्लंडमधील लेस्टरला आल्यावर, तिथून जवळ असलेल्या रटलंड वॉटर या जलाशयावर. (उजनीला येणारे ऑस्प्रे मात्र हे नव्हेत, ब्रिटनमधले पक्षी हिवाळ्यात सेनेगल, गांबिया अशा पश्चिम आफ्रिकेतील देशांकडे जातात.) या जलाशयाच्या मॅन्टन बे नावाच्या भागातील घरट्यावर मी स्वयंसेवक म्हणून मार्च ते सप्टेंबर असा एक पूर्ण हंगाम काढला. अशा कामाला पहिल्यांदा जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्या अनुभवातून हे लिहिले आहे.

इंग्लंडमध्ये वीण करणारा पक्षी म्हणून ऑस्प्रे एकोणिसाव्या शतकातच नाहीसा झाला होता. स्कॉटलंडमध्ये तो १९५४ मध्ये परतला, आणि तिथलीच ६४ पिल्ले १९९६ ते २००१ या काळात रटलंडला आणून, पिंजऱ्यात वाढवून, उडण्याच्या वयात सोडण्यात आली. ज्या पाण्यावरून पक्षी पहिल्यांदा उडतो त्या परिसरात तो वीण करण्यासाठी परततो, या स्वभावावर सारा प्रयोग उभा होता, आणि २००१ मध्ये तिथे पहिली वीण झाली. मॅन्टन बेची जोडी २०१५ पासून एकत्र आहे. नराला नाव नाही, त्याला ३३(११) म्हणतात, म्हणजे २०११ मध्ये ज्याच्या पायात ३३ क्रमांकाचे ओळखीचे कडे चढवले तो. मादीच्या पायात कडे नाही, पण तिला नाव आहे, आणि ते माया आहे. हे नाव ऐकल्यापासून माझी आई दर रविवारी फोनवर आधी माझी नव्हे, तर तिची चौकशी करू लागली.

प्रवेशाची बाजू थोडक्यात सांगते. हंगामापूर्वी नवीन स्वयंसेवकांना माहिती दिली जाते, म्हणून चौकशी हिवाळ्यातच करावी. परदेशी विद्यार्थ्यांनी व्हिसाच्या अटी आधी वाचाव्यात. महागड्या साहित्याची गरज नाही, कारण घरटे काही शे मीटर दूर असते आणि हाइडमधील (पक्षी पाहण्यासाठी आडोशाला बांधलेल्या खोलीतील) टेलिस्कोप वापरायला मिळतो. साधी ८×४२ दुर्बीण पुरते. पैसे उरले असतील तर ते उबदार हातमोज्यांवर खर्च करावेत. मार्चमध्ये लाकडी हाइडच्या उघड्या खिडकीशी चार तास बसल्यावर बोटांनी पेन्सिल धरता येत नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते.

खरे काम नोंदवहीचे असते. घरट्यावर कोण आहे, दुसरा पक्षी कुठे आहे, कोणी कधी जागा बदलली, मासा कोणता, केवढा, पूर्ण की डोके खाल्लेला, परका ऑस्प्रे कोणत्या दिशेने आला, हे सारे वेळेसह लिहायचे. नर-मादी ओळखणे मायाच्या बाबतीत सोपे आहे, कारण तिच्या पायात कडे नाही, पण उबवताना पाय दिसत नाहीत. तेव्हा छातीवरचा तपकिरी पट्टा पाहावा. मादीचा पट्टा सहसा गडद असतो, नराची छाती पांढुरकी असते आणि तो अंगाने लहान असतो.

एप्रिलमध्ये अंडी घातल्यानंतरचे पाच-सव्वापाच आठवडे नवख्या माणसाची खरी परीक्षा घेतात, कारण बाहेरून पाहता काहीच घडत नाही. मादी बसलेली असते. नर मासा घेऊन येतो. डोके त्याने आधीच खाल्लेले असते, उरलेला मासा मादी त्याच्या पायातून जवळजवळ हिसकावून खांबावर घेऊन जाते आणि ती खाईपर्यंत नर अंड्यांवर बसतो. एकदा टेलिस्कोपमधून मी नराला अंड्यांकडे चालताना पाहिले. मासा आरपार धरणाऱ्या त्या नख्या त्याने मुठीसारख्या आत वळवून घेतल्या होत्या आणि तो अक्षरशः मुठींवर डुलत, एकेक पाऊल टाकत पुढे गेला, चोचीने अंडी हलकेच फिरवली, आणि मग दोन्ही बाजूंना हलत हलत खाली बसला. यात एक मिनिटही गेले नसेल. मी ते पाहण्यात इतकी गुंतले की वेळ लिहायची राहून गेली.

त्याहून मोठी चूक मे महिन्यात झाली. पहिल्या अंड्यापासून मी दिवस मोजत होते आणि छत्तिसावा दिवस होता. माया एरवीपेक्षा उंच बसली होती, पंख किंचित सैल सोडले होते आणि ती सारखी मान वाकवून खाली पाहत होती. मी नोंदवहीत उत्साहाने लिहिले, ‘पहिले पिल्लू बाहेर आले.’ पुढच्या पाळीला आलेल्या ज्येष्ठ स्वयंसेविकेने ते वाचून शांतपणे विचारले, ‘तुला पिल्लू दिसले का?’ दिसले नव्हते. ‘मग ती काय करत होती ते लिही.’ मी ओळ खोडली आणि लिहिले की मादी चौदा मिनिटांत अकरा वेळा खाली वाकली. पिल्लू दोन दिवसांनी निघाले. पिल्लू आल्याचा भरवशाचा पुरावा म्हणजे मादी माशाचा बारीक तुकडा तोडून, मान तिरकी करून, वाटीसारख्या घरट्यात खाली भरवताना दिसणे, आणि त्यासाठी मासा येईपर्यंत थांबावे लागते.

मासे ओळखण्याची मला धास्ती होती, कारण माझे ज्ञान रोहू-कटल्यापुरते होते. प्रत्यक्षात लाल परांचा रोच, पट्ट्यांचा पर्च आणि ठिपक्यांचा ट्राउट आठवडाभरात ओळखता येऊ लागले. शंका असेल तर ‘मासा, मध्यम, जात कळली नाही’ असे लिहिणे कमीपणाचे नाही. पुढे एका हंगामी नोकरीच्या मुलाखतीत मला पदवीपेक्षा या नोंदींविषयी जास्त विचारले गेले, आणि ‘कळले नाही’ असे किती वेळा लिहिले होते, हाही एक प्रश्न होता.

घरट्याजवळ जाण्याचा मोह होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार विणीच्या काळात ऑस्प्रेला त्रास देणे हा गुन्हा आहे. पिल्ले पाच-सहा आठवड्यांची झाल्यावर त्यांना कडी घालतात, तीसुद्धा परवानाधारक माणसेच. आम्ही त्या दिवशी दुरूनच पाहत होतो.

जुलैत, साधारण सात-आठ आठवड्यांची झाल्यावर, पिल्ले उडतात, आणि बहुतेक जण इथेच हजेरी कमी करतात. माझ्या मते ही चूक आहे. ऑगस्टमध्ये आधी मादी निघून जाते, नर पिल्लांना मासे पुरवत राहतो, आणि पिल्ले वाट दाखवायला कोणीही सोबत नसताना एकेक करून आफ्रिकेकडे जातात. ती परत आली तर सहसा दोन वर्षांनी. कोण कोणत्या दिवशी शेवटचे दिसले, हे रिकाम्या घरट्यासमोर बसणाऱ्यालाच लिहिता येते.

माझ्या शेवटच्या पाळीला, सप्टेंबरच्या सुरुवातीला, तीन दिवसांत एकही पिल्लू दिसले नव्हते. सकाळी ८:२० ला नर एक पूर्ण रोच घेऊन घरट्यावर उतरला आणि त्याने चार वेळा आवाज दिला. मी लिहिले, ‘पिल्लांची वाट पाहत आहे.’ मग तेवढे शब्द खोडून लिहिले, ‘मासा पायाखाली, न खाता बसून.’ ८:५५ ला त्याने डोक्याकडून खायला सुरुवात केली.