आखाजीला लेकी घरी येतात, तेव्हाच घराचे कागद काढा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, सुरत-पुण्याकडे कामाला गेलेली मुलंही दोन दिवस घरी असतात. घर पुढे कुणाच्या नावावर जायचं, हे बोलायला खानदेशात याहून चांगला मुहूर्त नाही.

पण वाटणीच्या आधी उतारा पाहा. आमचे वडील गेल्यावर पत्र्याची पेटी उघडली, तर धाब्याच्या घराचा नमुना आठचा उतारा अजून आजोबांच्या नावावर. वडिलांनी घरपट्टी दरसाल भरली होती, पावती मात्र आजोबांच्या नावाची. मग आत्या आणि वारलेल्या आत्यांची मुलं, सगळ्यांच्या सह्या गोळा करता करता दीड वर्ष गेलं. भांडण कुणाचंच नव्हतं, तरीही.

म्हणून आधी आजवरची वारस नोंद पूर्ण करा. गावातल्या घरासाठी मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती घेऊन ग्रामपंचायतीत जा. शहरात नगरपालिका आणि सिटी सर्व्हे, दोन्हीकडे नाव लावावं लागतं. शेतजमीन असेल तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवा. हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागते, मग फेरफार, म्हणजे नोंदीतला नावबदल, मंजूर होतो. आणि एक लक्षात ठेवा, नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत तुमच्या गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल, तर मालमत्ता पत्रक जरूर काढून घ्या.

आता वारस कोण, ते नीट समजून घ्या. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. आईला वाटा आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क आहे. ही दुरुस्ती २००५ ची. वडील त्याआधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. मुस्लिम कुटुंबाला वेगळे नियम आहेत, इतर वारसांची संमती नसेल तर मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशच देता येतं. नंदुरबार, धुळ्याकडच्या आदिवासी कुटुंबांना १९५६ चा कायदा सरसकट लागू नाही आणि त्यांच्या जमिनीच्या हस्तांतराला परवानगी लागते. तिथे आधी जाणत्या वकिलाला विचारा.

सगळ्यात सोपा कागद म्हणजे मृत्युपत्र. साध्या कागदावर, स्वतःच्या भाषेत लिहा, स्टॅम्प लागत नाही. घराचा नंबर आणि चतुःसीमा स्पष्ट लिहा, कुणाला काय ते नावानिशी लिहा. स्वतःची सही दोन साक्षीदारांसमोर करा, त्यांनीही तुमच्यासमोर सही करायला हवी. साक्षीदार सज्ञान, पण तुमच्यापेक्षा वयाने लहान घ्या आणि ज्याला वाटा मिळणार तो नको. नोंदणी सक्तीची नाही, तरी मी म्हणेन करा, आणि डॉक्टरांचा दाखला जोडा. वय झालं की ‘शुद्धीत नव्हते’ हा वाद पहिला निघतो. मन बदललं तर नवं करता येतं, शेवटचंच धरलं जातं.

जिवंतपणीच द्यायचं असेल तर बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. इतर आकार दुय्यम निबंधकाकडे विचारा. मात्र दिलेलं घर परत मिळत नाही, म्हणून आईवडिलांनो, सांभाळ करण्याची अट कागदातच लिहून घ्या. ती मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं.

हक्कसोडपत्राबद्दल एवढंच. बहीण खरोखर राजीखुशीने सोडत असेल तर नोंदणीकृतच करा. पण सणाच्या पुरणपोळीच्या ताटावर तिच्यापुढे कागद सरकवू नका. तिला वाचायला वेळ द्या, हवं तर तिच्या वकिलाला दाखवू द्या.

मूळ मृत्युपत्र लॉकरमध्ये ठेवत असाल तर त्या लॉकरला नॉमिनी लावलाय का बघा, आणि ते कुठे आहे हे दोघांना तरी सांगून ठेवा, त्यातली एक लेक असू द्या.