बोलण्याआधी, आणि बोलून गेल्यावर

आमच्या प्रार्थनागटात मी एक नियम घातलाय: कुणासाठी विनंती मांडायची तर नाव सांगा, कहाणी नको. ‘तिच्यासाठी प्रार्थना करा, घरात फार भांडणं आहेत’ ही चहाडीच, फक्त डोळे मिटून केलेली. तपशील द्यायचाच असेल तर आधी तिला विचारा.

कुणी गेलं असेल त्या घरी ‘देवाची इच्छा’ म्हणू नका. शेजारी बसा. आपला मित्र लाजर याच्या मृत्यूनंतर येशूही रडला.

शब्द लागलाच, तर ‘मस्करी केली’ ही सबब नको. बायबलमधल्या नीतिसूत्रांचा 26वा अध्याय अशाला कोलिते फेकणाऱ्या वेड्याच्या पंगतीला बसवतो. आपण काय बोललो ते नेमकं उच्चारून माफी मागा, ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हे शेपूट न लावता. आणि हे रविवारी दान वाहण्याआधी उरका. मत्तयाच्या शुभवर्तमानात (5:23-24) क्रम तसाच आहे.