लॉटरीचं तिकीट घेतल्या घेतल्या मागे सही करा

महाराष्ट्र राज्य लॉटरीचं कागदी तिकीट हरवलं आणि त्यावर तुमचं नाव नसेल, तर ते तुमचंच होतं हे सिद्ध करणं फार कठीण जातं. म्हणून विक्रेत्याच्या टेबलावरच हे उरका:

१. तिकिटाच्या मागे बॉलपेनने नाव, पत्ता लिहून सही करा. पुढच्या बाजूला पेन लावू नका.
२. दोन्ही बाजूंचा फोटो काढा. मालिकेची अक्षरं आणि क्रमांक दोन्ही स्पष्ट दिसायला हवेत. निकाल बघताना नुसता क्रमांक जुळला म्हणून हुरळून जाऊ नका, कारण तोच क्रमांक दुसऱ्या मालिकेतही असतो.
३. तिकीट वहीत सपाट ठेवा. लॅमिनेशन नको, स्टेपलर नको. फाटलेलं किंवा खाडाखोड केलेलं तिकीट नाकारलं जाऊ शकतं.

बक्षीस लागलं तर मागणीची मुदत तिकिटाच्या मागेच बारीक अक्षरात छापलेली असते, ती आधी वाचा. मोठ्या रकमेसाठी मूळ तिकीटच द्यावं लागतं, तेव्हा झेरॉक्स स्वतःकडे ठेवा आणि पोच घ्या.

१०,००० रुपयांवरच्या बक्षिसातून ३० टक्के आयकर आधीच कापला जातो. तो ‘अगोदर भरा’ म्हणणारा फोन आला, तर एक पैसाही देऊ नका.